पाण्यात डोकं दिसलं पाहिजे

माझा सासरा हट्टी आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी विचारायला नको की बाई, तू त्यांना घरी का नाही बसवलंस. बसवून बघा तुम्ही! ऐकायचं मशीन घेऊन दिलं, तर ते कपाटात मोज्यांच्या खाली लपवलंय. "मासे कुठे बोलतात?" म्हणतात. होडीत निदान फोन तरी न्या म्हटलं, तर "ऐकू येत नाही त्याने फोन उचलून काय करायचं, चाटायचा?" नवरा माझा मालवाहू जहाजावर, महिनोन्महिने समुद्रात. जाताना दरवेळी एकच वाक्य बोलतो, "बाबांना सांभाळ." आणि बॅग उचलून मोकळा होतो. सांभाळायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते काही सांगत नाही.

आमचं दुकान तलावाच्या सरकारी धक्क्याला लागून आहे. गळ, दोरा, शिसं, डब्यातली गांडुळं आणि चहा. समोरच्या काठावर बंगले, आणि एकेका बंगल्याची लाकडी जेट्टी पाण्यात आत आलेली. पाणी सगळ्यांचं आणि जेट्टी ज्याची त्याची, असा कायदा आहे. पण कायद्याने रोजची भांडणं मिटत नाहीत, म्हणून इथे एक रीत पडून गेली. जेट्टीच्या सावलीत मासे दबा धरून बसतात, तेव्हा गळवाले तिथे येणारच. यावं, पण खांबाला हात लावू नये, फळीवर गळ पडू देऊ नये, कुणी बसलेलं असेल तर हात वर करून मगच थांबावं. आणि कठड्यावर टॉवेल टाकलेला दिसला तर तिकडे फिरकूच नये. टॉवेल म्हणजे घरातलं कुणीतरी पाण्यात उतरलंय. इंजिनाचं पातंही वाईट आणि गळाचं टोकही वाईट.

ही रीत कुणी लिहून ठेवलेली नाही, पण सगळे पाळायचे. माझा सासरा तर सगळ्यांत कडक. टॉवेल दिसला की लांबूनच वळायचे, वर दुसऱ्यांनाही हाकलायचे. मग गेल्या उन्हाळ्यात एका बंगल्यातल्या बँकवाल्या साहेबांना अक्कल सुचली. त्यांनी एक जुना टॉवेल कठड्याला बांधूनच टाकला. ना कुणी पोहणारं, ना कुणी घरात. कुलूप लावून गावाला गेले तरी टॉवेल आपला लटकतोय. बाबांनी ते दिवसच्या दिवस पाळलं. खोटं आहे हे कळल्यावर मात्र असे भडकले की दुकानात येऊन सगळ्यांसमोर जाहीर केलं, "आजपासून टॉवेल गेला उडत! पाण्यात डोकं दिसलं तर मी परत फिरेन. नुसता टॉवेल दिसला तर मुद्दाम तिथेच जाऊन गळ टाकेन." आणि म्हातारा बोलला तसं वागू लागला. रिकामा टॉवेल दिसला की इंजिन वाढवून सरळ तिथे.

आता आर्किटेक्ट. शेवटच्या बंगल्यात तो, त्याची बायको आणि लहान मुलगी राहायला आले. बायको दुकानात यायची, चहा प्यायची, चार गोष्टी विचारायची. टॉवेलची रीत तिला मीच सांगितली. तो कधी आला नाही. पण एक सांगते, त्याचा राग उगीच नव्हता. त्याच्या जेट्टीच्या फळीत कुणाचा तरी तुटलेला गळ रुतून राहिला आणि तो त्याच्या पोरीच्या पायात गेला. टाचेत शिरलेला गळ ओढून निघत नाही, तो कापूनच काढावा लागतो. पोरीचं रडणं म्हणे पलीकडच्या बंगल्यापर्यंत ऐकू गेलं. चूक आमच्यातल्याच कुणाची तरी होती, ते मी नाकारणार नाही. कुणाची, ते आजवर कळलेलं नाही. त्याने मात्र मनाशी पक्कं केलं की हा गळ त्या रोज सकाळी येणाऱ्या म्हाताऱ्याचाच.

तेव्हापासून रोज सकाळी तो गच्चीत उभा राहून ओरडायचा. निघा इथून, पोलिसांना बोलावतो, वगैरे. आणि बाबांना त्यातलं अक्षर ऐकू यायचं नाही. त्यांना वाटायचं, माणूस सकाळी सकाळी काहीतरी चांगलं बोलतोय. ते रीतीप्रमाणे हात वर करायचे आणि हसायचे. त्याला वाटायचं, म्हातारा डिवचतोय. मी बाबांना कितीदा ओरडून सांगितलं की तो शिव्या देतोय. म्हणाले, "तुला सगळेच शिव्या देताना दिसतात, हवालदारीणबाई."

त्या दिवशी सकाळी बाबा नेहमीसारखे होडी घेऊन गेले. आधी उजवीकडच्या लव्हाळ्यांत गळ टाकायचा आणि ऊन वर आलं, जेट्ट्यांखाली सावली पडली की तिकडे वळायचं, हा त्यांचा रोजचा क्रम. ते लव्हाळ्यांत दिसेनासे झाले आणि मी चहाचं भांडं घासायला घेतलं, तेवढ्यात आर्किटेक्टच्या बायकोची गाडी धक्क्यावर येऊन थांबली. ती उतरली ती घरातल्या चपलांवरच.

"वहिनी, तुमच्या गळवाल्यांना सांगून ठेवा हं," ती म्हणाली. "आज कुणी आमच्याकडे येऊ नका. ह्यांनी काल संध्याकाळी तार बांधलीय."

"कसली तार?"

"स्टीलची. जेट्टीच्या खांबापासून ते पाण्यात लोखंडी पाइप रोवलाय ना, तिथपर्यंत. तिच्यावर 'खासगी जागा' असे बोर्ड लटकवायचेत. पण बोर्ड दुपारी मिळणार, आणि नुसती तार काही दिसत नाही. सकाळच्या उन्हात तर मला जेट्टीवर उभं राहूनसुद्धा दिसेना."

"केवढ्यावर आहे?"

तिने हात छातीशी धरला, मग खाली आणला, मग पुन्हा थोडा वर नेला. "होडीत माणूस बसला तर..." असं म्हणून ती थांबली. मग घाईघाईने म्हणाली, "पण घाबरू नका, मी टॉवेल टाकून आलेय. लाल, मोठा. लांबून दिसेल असा."

माझ्या हातातलं भांडं तसंच मोरीत पडलं. आई गं! अहो, बाईने बिचारीने सगळं मी शिकवल्याप्रमाणे केलं होतं. टाकला टॉवेल, आता कुणी येणार नाही. आणि तलावावर एकच माणूस असा, जो टॉवेल बघून मुद्दाम तिथेच जातो, आणि तो माणूस तेव्हा होडीत होता.

"मॅडम," मी म्हटलं, "आमचा म्हातारा टॉवेल मानत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे गाडी काढा."

सांगितलं मी तिला गाडीत, दरवाजा लावता लावता. तिचा रंगच उतरला. काठाकाठाने जाणारा रस्ता वळणावळणाचा, मध्ये शाळेची बस आडवी, तिला हॉर्न द्यायचं सुचेना, म्हणून मीच हात घालून हॉर्न दाबत राहिले. एका हाताने ती नवऱ्याला फोन लावत होती. वाजत होता, पण उचलत कुणी नव्हतं. "बाथरूममध्ये असतील," ती म्हणाली. "मशीनवर दाढी चालली असेल." झाडांच्या फटींतून मला अधूनमधून पाणी दिसायचं. लव्हाळी दिसली, पण होडी दिसली नाही. मी आयुष्यात देवाला फारसा त्रास दिलेला नाही, त्या रस्त्यावर मात्र दिला. म्हटलं, आजच्या दिवस मासे त्या लव्हाळ्यांत राहू देत. एखादा मोठा लागू दे गळाला, झगडत बसू दे म्हाताऱ्याला.

फाटक उघडलं, कुत्रं भुंकत अंगावर आलं, तिने त्याला हाताने ढकललं आणि आम्ही बंगल्याच्या कडेने पळालो. जेट्टीवर आर्किटेक्ट उभा होता, कॉफीचा कप घेऊन. मला बघितलं आणि त्याचा चेहरा फिरला.

"ही कशाला आलीय इथे? दुकानवाल्या बाई, ही खासगी जागा आहे. भांडायचं असेल तर..."

"तार सोडा!" मी ओरडले. "आधी तार सोडा, मग भांडू."

"का सोडू? माझ्या पोरीच्या पायात गळ गेला तेव्हा कोण आलं होतं पळत?"

"अहो, म्हातारबाबा येतायत!" त्याची बायको म्हणाली. "त्यांना टॉवेलचं काही नाही, ते येतात, आणि तार दिसत नाहीये!"

"येऊ दे. होडी अडकेल, दुसरं काय होणार?"

मी त्याचा हात धरून त्याला जेट्टीच्या टोकाला नेलं आणि खांद्यावर जोर देऊन खाली दाबलं. हो, दाबलं. एवढा मोठा माणूस, पण बसला मुकाट्याने फळीच्या काठावर, पाय खाली सोडून, जसा होडीत माणूस बसतो तसा. आणि तार त्याच्या हनुवटीच्या खाली आली. त्याने ती जेट्टीवर उभं राहून बांधली होती. बसून कधी बघितलीच नव्हती. कप त्याच्या हातातून पाण्यात गेला.

"पाना," तो म्हणाला. "नट घट्ट केलेत. पाना गॅरेजमध्ये आहे." आणि उठून धावत सुटला.

तेवढ्यात इंजिनाचा आवाज आला.

लव्हाळ्यांच्या टोकाला वळसा घालून होडी बाहेर आली. म्हातारा मागे बसलेला, एक हात सुकाणूच्या दांड्यावर, टोपी डोळ्यांवर ओढलेली, ऊन समोरून. मी दोन्ही हात हलवले, ओरडले, "बाबा! थांबा! बाबा!" घसा फाटला माझा. ते मशीन मोज्यांच्या खाली होतं. बायको ओरडली, कुत्रं ओरडलं, तलावावरची पाखरं उडाली. बाबांनी आपला एक हात वर केला. रीतीप्रमाणे.

मग मला वाटलं, ते येतायत तेच मुळी त्या टॉवेलसाठी. टॉवेलच काढून टाकावा. म्हणून मी तो लाल टॉवेल कठड्यावरून ओढला आणि मागे फेकला. झाली चूक! आधी निदान संशयाला जागा होती. आता त्यांना स्वच्छ दिसलं की टॉवेल खोटा होता आणि त्यांना बघून घाईघाईने लपवला. तेवढ्या लांबूनही मला त्यांचं हसू दिसलं. पकडलं की नाही, असं ते हसू. आणि त्यांनी इंजिन वाढवलं.

होडी सरळ येत होती. टोक उचललेलं, मागे पाणी दुभंगत चाललेलं. बंगल्याकडे बघितलं, तर गॅरेजमध्ये डबे पडल्याचा आवाज येत होता आणि पाना घेऊन कुणी येत नव्हतं. मी तारेला धरून हलवलं. ती इतकी ताणलेली होती की हलली पण नाही, नुसती गुणगुणली.

हे बघा, मी काही शूर बाई नाही. पाण्याकाठी जन्म गेला, पण गुडघ्याच्या वर पाणी आलं की माझा जीव घाबरा होतो. मला पोहता येत नाही. लग्न झाल्यावर नवऱ्याने शिकवायचा प्रयत्न केला, मी त्यालाच बुडवायची वेळ आणली. पण त्या क्षणी डोक्यात दुसरं काही नव्हतंच. टॉवेल ते मानत नाहीत, ओरडणं त्यांना पोचत नाही, पण पाण्यात डोकं दिसलं तर ते परत फिरतात. हा त्यांचा शब्द होता आणि म्हातारा शब्दाला पक्का आहे.

मी तार दोन्ही हातांनी धरली आणि जेट्टीवरून पाय सोडले.

पाणी गार होतं म्हणजे किती गार! छातीत कळ आली. नाकातोंडात गेलं. तार माझ्या वजनाने खाली वाकली, तळव्यांत शिरली, पण मी सोडली नाही. सोडून जाणार कुठे? जिने त्यांचा गळा कापायचा तिलाच मी लटकले होते. डोकं वर काढलं, श्वास घेतला, आणि बघितलं तर होडीचं टोक माझ्याकडे येतंय आणि मागे बसलेल्या म्हाताऱ्याचं तोंड उघडं पडलंय.

इंजिन थांबलं.

थांबलं पण होडी कुठे लगेच थांबते? ती तशीच येत राहिली, हळू हळू, आवाज न करता. बाबांनी वल्हं पाण्यात घालून ती अडवली, अर्धी फिरवली, तेव्हा ती माझ्या खांद्याला येऊन टेकली. ते उठून पुढे आले आणि मला काखेत धरून असं ओढलं की माझी एक चप्पल तलावातच राहिली. मी होडीत पालथी पडले. शेजारी त्यांचे दोन मासे तडफडत होते.

"पोहता येत नाही तुला!" ते माझ्यावर ओरडले. बहिरी माणसं ओरडतात ना, तसं सगळ्या तलावाला ऐकू जाईल असं. "अक्कल आहे का? मेली असतीस म्हणजे पोराला मी काय तोंड दाखवणार होतो?"

मी नुसतं वर बोट केलं.

माझं वजन निघाल्यावर तार पुन्हा वर गेली होती. ते उभे होते, ती त्यांच्या कमरेला लागत होती. त्यांनी ती हाताने चाचपली. एका बाजूला जेट्टीच्या खांबापर्यंत बघितलं, दुसऱ्या बाजूला पाइपपर्यंत. मग इंजिनाजवळच्या आपल्या फळीवर जाऊन बसले, होडी थोडी पुढे घेतली, आणि तार त्यांच्या टोपीच्या खाली, गळ्याशी आली. मला वाटलं आता शिव्यांचा पट्टा सुटेल. पण माझी सासू गेली तेव्हासुद्धा मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं, ते त्या दिवशी बघितलं. मलाही मग आवरलं नाही.

आर्किटेक्ट पाना घेऊन आला होता. जेट्टीच्या टोकाला उभा. गुडघ्याला खरचटलेलं, वाटेत कुठे पडला असावा. बायको त्याच्या मागे.

"मला वाटलं होडी अडकेल," तो म्हणाला. "खरंच. दुपारी बोर्ड लागणार होते. मग तार दिसली असती."

"काय म्हणतोय?" बाबांनी मला विचारलं.

रोजच्याप्रमाणे मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "म्हणतात, दुपारी बोर्ड लावणार होते."

"दुपारी," बाबा म्हणाले. त्यांनी बाहीने डोळे पुसले आणि जेट्टीकडे मान वर केली. "मी रोज सकाळी येतो. रोज वरून हा माझ्याशी बोलतो. मी हात करतो. विचार त्याला, आज बोर्डाच्या आधी मी येणार हे त्याला ठाऊक नव्हतं का?"

मला विचारावं लागलंच नाही. ते सगळ्यांनीच ऐकलं होतं. आर्किटेक्टच्या बायकोने नवऱ्याकडे बघितलं. तिला वाटत होतं तो नाही म्हणेल. मलाही तसंच वाटत होतं, देवाशपथ. एवढा राग होता माझा त्याच्यावर, तरी वाटत होतं की तो नाही म्हणेल.



"होतं ठाऊक," तो म्हणाला. "म्हटलं, एकदा अद्दल घडू दे."

"अहो!" त्याची बायको म्हणाली.

"काय म्हणाला?" बाबांनी माझी बाही ओढली. "अगं, काय म्हणाला तो?"

माझे तळवे फाटले होते, रक्त पाण्यात मिसळून मनगटावरून खाली चाललं होतं, दात वाजत होते. इतकी वर्षं मी लोकांचं बोलणं ह्यांच्या कानात ओरडत आले. दुकानातले भाव, नवऱ्याचे निरोप, डॉक्टरांची पथ्यं, सगळं. पण हे मी नाही सांगणार. हे माझ्या तोंडून त्यांच्या कानात जाणार नाही.

"तुम्ही सांगा," मी आर्किटेक्टला म्हटलं. "तुम्ही बोललात, तुम्हीच सांगा. इथे खाली या."

तो बायकोकडे बघायला लागला. ती बाजूला झाली, त्याला वाट मिळावी म्हणून. तेव्हा त्याने पाना फळीवर ठेवला, जेट्टीच्या काठाशी गुडघे टेकले आणि वाकून बाबांच्या कानाशी तोंड नेलं. बाबांनीही मान तिरकी करून कान पुढे केला, दुकानात कुणी भाव विचारायला आलं की करतात तसा.

त्याने सांगितलं. हळू आवाजात सांगितलं, त्यामुळे बाबांना ऐकू गेलं नाही.

"मोठ्याने बोल बाळा," बाबा म्हणाले. "मला कमी ऐकू येतं."

मग त्याला ते पुन्हा, ओरडून सांगावं लागलं.